वानगी आणि गासडी : परदेशी मालाच्या दर्जाची पारख

वस्तू घडविणारा आणि ती विकत घेणारा हे दोघे एकाच गावात राहत असत, तोवर मालाच्या दर्जाचा प्रश्न फारसा बिकट नव्हता. कुंभाराचे मडके टिचकी मारून घेता येई, आणि घरी नेल्यावर ते पाझरू लागलेच तर दुसऱ्या दिवशी कुंभाराच्या दारात जाऊन उभे राहता येई. माल परदेशांतून येऊ लागला की ही दोन्ही साधने ग्राहकाच्या हातून निसटतात. वस्तू बनताना त्याला दिसत नाही आणि बनविणारा त्याच्या हाती लागत नाही. अशा वेळी टिचकीची जागा कशाने घ्यावयाची आणि दाराची जागा कशाने, हा परदेशी उत्पादकाकडून खरेदी करणाऱ्या प्रत्येकापुढील मूळ प्रश्न होय. तो समजून घेण्यासाठी आपण एकच वस्तू घेऊ आणि तिची कथा तपशिलाने पाहू. ती वस्तू म्हणजे कच्चे रेशीम.

होसकोट्याच्या परिसरात

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, कोलारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होसकोटे हे गाव आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीकडून शहाजीराजांना जी कर्नाटकातील जहागीर मिळाली, तीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. मराठी वाचकास या गावाचे नाव परिचित असते ते बहुधा एवढ्याच कारणाने. आजचे होसकोटे मात्र कारखान्यांचे आणि मोठमोठ्या गोदामांचे गाव आहे. बंगळूर ते चेन्नई या द्रुतगती मार्गाचे एक टोक येथेच आहे. जवळच व्हाइटफील्ड येथे देशांतर्गत कंटेनर आगार असून चेन्नई बंदरात उतरलेला परदेशी माल तेथवर रेल्वेने येतो.

होसकोट्याच्या उत्तरेस विजयपूर, शिडलघट्टा आणि चिंतामणी हा तुतीच्या मळ्यांचा व रेशमाच्या कोषांचा प्रदेश आहे. शिडलघट्ट्याची कोषांची बाजारपेठ देशातील प्रमुख बाजारपेठांपैकी एक समजली जाते. म्हैसूरच्या या पठारावर रेशीम उद्योगाला उत्तेजन दिले ते टिपू सुलतानाने, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटा यांनी जपानी तज्ज्ञ आणवून बंगळुरात रेशमाचा एक आदर्श मळा उभारला. म्हणजे या भूभागात दोन प्रकारचे रेशीम एकमेकांना भेटते. एक शेजारच्या तालुक्यांतील रहाटांवर निघालेले, आणि दुसरे चीनहून समुद्रमार्गे आलेले.

या दोन्हींचा ग्राहक केवळ कर्नाटकातील नाही. नाशिक जिल्ह्यातील येवले येथील पैठणी विणणारे कारागीर बंगळूरचे रेशीम वापरतात हे सर्वश्रुत आहे. परदेशी रेशीमही त्यांना नवे नाही. एकोणिसाव्या शतकात चिनी रेशीम मुंबई बंदरात उतरे आणि तेथून ते दख्खनमधील मागांवर जाई. चीन हा जगातील सर्वांत मोठा रेशीम उत्पादक देश असून भारताचा क्रमांक त्याच्या खालोखाल लागतो. तरीही आपले उत्पादन आपल्या मागणीला अपुरे पडत आल्याने चिनी रेशमाची आयात होत राहिली. विशेषतः यंत्रमागावरील ताण्यासाठी विणकरांनी चिनी धाग्याला पसंती दिली. ताण्यावर ओढ मोठी असते; धागा तुटला की माग थांबतो. बाण्याच्या धाग्यावर एवढा ताण येत नाही, म्हणून तेथे देशी रेशीम चालून जाते.

दोष उशिरा उघड होतो

रेशमाच्या खरेदीतील खरी अडचण नीट लक्षात घेतली पाहिजे. कच्च्या रेशमाच्या धाग्यावर सेरिसिन नावाच्या नैसर्गिक डिंकाचे आवरण असते. धाग्याच्या वजनात या डिंकाचा वाटा साधारणपणे पंचमांश ते चतुर्थांश असतो. विणकर धागा विकत घेतो तेव्हा हे आवरण अंगावर असल्याने धागा ताठ आणि एकसारखा भासतो. त्यानंतर त्याला पीळ दिला जातो, साबणाच्या पाण्यात उकळून डिंक काढला जातो, रंग चढविला जातो आणि मग ताणा मागावर चढतो. धागा कोठे जाड, कोठे बारीक असेल, तर तो दोष दिसू लागतो तो बहुधा या साऱ्या क्रिया पार पडल्यानंतर. विणलेल्या पोतावर पट्टे उमटतात, रंग कमीअधिक गडद दिसतो, नाजूक जागी धागा तुटू लागतो.

या वेळेपर्यंत मूळ लड शिल्लक राहिलेली नसते. दोष सिद्ध करावयाचा तो कशाच्या आधारे? विक्रेता म्हणणार की उकळताना सोडा जास्त पडला, किंवा रंगाऱ्याने हयगय केली. पुराव्याचे रूपच पालटून गेलेले असते. एक पैठणी पुरी होण्यास तिच्या नक्षीप्रमाणे काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत काळ लागतो. धाग्यातील दोषाची किंमत म्हणजे केवळ त्या धाग्याची किंमत नव्हे. त्यावर खर्ची पडलेले एका कुटुंबाचे श्रम तीत मिळवावे लागतात. यावरून खरेदीचा पहिला नियम हाती येतो : दर्जाची परीक्षा मालाचे रूप पालटण्यापूर्वी झाली पाहिजे आणि तिचा लेखी पुरावा मागे राहिला पाहिजे. हा नियम रेशमाला लागू आहे तसाच यंत्राच्या सुट्या भागांना, औषधी द्रव्यांना आणि बांधकामाच्या पोलादालाही लागू आहे.

‘उत्तम’ या शब्दाचे मोजमाप

‘माल उत्तम प्रतीचा असावा’ असे करारात लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे. उत्तम कशासाठी, हे सांगितल्यावाचून त्या शब्दाला अर्थ येत नाही. पातळ, झिरझिरीत वस्त्रासाठी जो धागा उत्तम तो जाड काठासाठी असेलच असे नाही. दर्जा म्हणजे ठरावीक उपयोगास लागणारे गुण ठरावीक प्रमाणात असणे. म्हणून प्रत्येक गुणाला माप शोधावे लागते. रेशमाच्या व्यापाराने ही मापे कशी शोधली हे पाहणे उद्बोधक ठरेल.

धाग्याची जाडी डेनिअर या एककात सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनिअर. बाजारात ‘२०/२२’ असे लिहिलेले असते तेव्हा धाग्याची सरासरी जाडी २१ डेनिअर असावी असा त्याचा अर्थ. प्रयोगशाळेत ११२.५ सेंटिमीटर घेराच्या रहाटावर ४०० फेरे देऊन ४५० मीटरांची छोटी लड करतात आणि तिचे वजन करतात. ४५० ची वीसपट ९,००० होत असल्याने वजनाला २० ने गुणले की डेनिअर मिळते. २१ डेनिअरच्या धाग्याची अशी लड १.०५ ग्रॅम भरली पाहिजे. केवळ सरासरी जुळून भागत नाही. अनेक लडींच्या वजनांत एकमेकींशी किती फरक आहे तेही पाहावे लागते, कारण काही लडी १८ डेनिअरच्या आणि काही २४ च्या असल्या तरी सरासरी २१ येऊ शकते. विणकराला जाच होतो तो या फरकाचा.

सरासरीही निरुपयोगी नाही. २१ डेनिअरच्या एक किलोग्रॅम रेशमात सुमारे ४२८ किलोमीटर धागा असतो. तोच धागा प्रत्यक्षात २४ डेनिअरचा निघाला तर किलोग्रॅममागे ३७५ किलोमीटरच मिळतो. भाव किलोग्रॅमवर ठरलेला आणि कापड मात्र लांबीवर निघणारे. तेव्हा ग्राहकाचे अष्टमांश नुकसान कोणाच्याही लक्षात न येता होऊन जाते.

दुसरी कसोटी एकसारखेपणाची. सेरिप्लेन या उपकरणात काळ्या फळीवर धागा जवळजवळ, समांतर गुंडाळतात आणि ठरावीक प्रकाशात प्रमाण छायाचित्रांशी त्याची तुलना करतात. जाड-बारीक भाग पट्ट्यांसारखे दिसतात. गाठी, सुटलेले तंतू आणि डिंकाचे गोळे स्पष्ट होतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील रेशमी मोज्यांच्या कारखान्यांनी एकसारख्या धाग्याचा आग्रह धरला, कारण मोज्यांवर धाग्यातील किंचित फरकही वलयांसारखा उमटे. ग्राहकाच्या या आग्रहामुळे जपानी उत्पादकांना आपली पद्धत सुधारावी लागली.

याखेरीज बळकटी, तुटण्यापूर्वी धागा किती लांबतो ते, अनेक कोषांचे तंतू एकमेकांना किती घट्ट चिकटले आहेत ते, आणि लड उलगडताना ठरावीक वेळात धागा किती वेळा तुटतो ते, या गोष्टी मोजतात. चांगले रेशीम डेनिअरमागे सुमारे साडेतीन ते चार ग्रॅम भार पेलते आणि तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्शाइतके ताणले जाते. या सर्व निष्कर्षांवरून मालाला ४ए, ३ए, २ए, ए अशी प्रत दिली जाते. या वर्गवारीतील एक तत्त्व विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे : प्रमुख कसोट्यांपैकी ज्या कसोटीत माल सर्वांत उणा ठरतो, तिच्यावरून त्याची प्रत ठरते. एका गुणाची उणीव दुसऱ्या गुणाने भरून काढता येत नाही. आपण एरवी गुणांची बेरीज करून सरासरीवर समाधान मानतो. परंतु माग सरासरीवर चालत नाही, तो सर्वांत दुबळ्या जागी थांबतो.

पाण्याचे वजन

रेशमाच्या खरेदीत लबाडीला सर्वांत सोपी वाट मिळते ती ओलाव्याची. हवेतील बाष्प रेशीम शोषून घेते आणि पुष्कळ बाष्प शोषूनही हाताला ओले लागत नाही. पावसाळी बंदरात तोललेली गासडी आणि कोरड्या पठारावर तोललेली तीच गासडी यांच्या वजनांत लबाडी नसतानाही फरक पडतो. यावर उपाय म्हणून व्यापाराने एक संकेत ठरविला आहे. नमुना भट्टीत पूर्ण सुकवून त्याचे कोरडे वजन काढावयाचे, त्यात ११ टक्के मिळवावयाचे आणि येणारे वजन हेच हिशेबी वजन समजावयाचे. समजा, एका मालाचे कोरडे वजन १०० किलोग्रॅम आहे. त्याचे हिशेबी वजन १११ किलोग्रॅम होईल. तोच माल ओलसर हवेत तोलून १२० किलोग्रॅम म्हणून विकला गेला, तर ग्राहकाने ९ किलोग्रॅम पाण्याचे पैसे रेशमाच्या भावाने दिले असे होते.

हे काम तटस्थ हातांनी झाले पाहिजे, याची जाणीव युरोपात फार पूर्वी झाली. फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरात १८०५ साली सरकारी आदेशाने आर्द्रता-निश्चितीचे सार्वजनिक केंद्र स्थापन झाले. जपानने १८९६ साली योकोहामा येथे तसेच केंद्र उभारले. त्यामागील इतिहास आपल्याला बोधप्रद आहे. १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. त्या सुमारास युरोपातील रेशमाचे किडे रोगाने मरत असल्याने जपानी रेशमाला अचानक मागणी आली आणि घाईघाईने काढलेला निकृष्ट धागा गासड्यांत भरला जाऊ लागला. जपानी रेशमाची पत घसरली. ती सावरण्यासाठी सरकारने १८७२ साली तोमिओका येथे फ्रेंच तंत्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली नमुनेदार कारखाना सुरू केला. आधी धागा सुधारला आणि पुढे तपासणीची संस्था उभी राहिली. परदेशी ग्राहकाचा विश्वास जाहिरातीने परत मिळत नाही हे त्या देशाने ओळखले होते.

वानगी कोणी आणि किती काढावी

कसोट्या कितीही सूक्ष्म असल्या तरी त्या साऱ्या मालावर करता येत नाहीत. एक गासडी साधारण ६० किलोग्रॅमची असते. तीतील प्रत्येक लड तपासावयाची तर विकावयास काही उरणार नाही, कारण बळकटी मोजताना धागा तोडावाच लागतो. म्हणून थोड्यावरून साऱ्याची परीक्षा करावी लागते. मराठी व्यापाऱ्यांच्या भाषेत यालाच वानगी म्हणतात. शब्द जुना आहे, तसा त्यातील धोकाही जुना आहे : वानगी एक आणि माल दुसरा.

हा धोका टाळण्याचे दोन नियम आहेत. पहिला नियम असा की वानगी विक्रेत्याने निवडलेली नसावी. धान्याचा जाणता खरेदीदार पोत्याच्या तोंडावरील दाणे पाहून संतुष्ट होत नाही. तो टोकदार पोकळ नळी पोत्याच्या पोटात खुपसून मधले दाणे बाहेर काढतो. रेशमाच्या बाबतीतही वेगवेगळ्या गासड्यांतून आणि गासडीच्या वरच्या, मधल्या, तळाच्या भागांतून लडी काढल्या जातात. कोणती लड काढावयाची हे निवडण्यात कोणाच्याही इच्छेला वाव नसावा. विक्रेत्याने टपालाने पाठविलेली सुंदर लड ही तो काय करू शकतो याचा पुरावा होय. त्याने काय पाठविले आहे याचा पुरावा ती होऊ शकत नाही.

दुसरा नियम संख्येचा आहे, आणि येथे सर्वसामान्य समजूत चुकीची ठरते. ‘मालाच्या दहा टक्के तपासा’ असे अनेक अनुभवी लोकही सांगतात. गणित काय सांगते ते पाहू. समजा, १,००० लडींच्या मालात ५० लडी, म्हणजे ५ टक्के, सदोष आहेत. कशाही रीतीने निवड न करता २० लडी काढल्या, तर त्यांत एकही सदोष लड न आढळण्याची शक्यता शंभरांत सुमारे ३६ आहे. म्हणजे तीनपैकी एकाहून अधिक वेळा सदोष माल निर्दोष म्हणून पुढे जाईल. त्याच मालातून ६० लडी काढल्या, तर ही शक्यता शंभरांत पाचाहून कमी होते. आता १०० लडींचा लहान माल घ्या. त्यातही ५ टक्के सदोष आहेत. दहा टक्क्यांच्या नियमाप्रमाणे १० लडी काढल्या, तर दोष निसटण्याची शक्यता शंभरांत ५८ होते. उलट १०,००० लडींच्या मालातून ६० लडी काढल्या तरी ती शंभरांत पाचाहून कमीच राहते. तात्पर्य, परीक्षेचा विश्वसनीयपणा मुख्यतः वानगीतील नगांच्या संख्येवर अवलंबून असतो. मालाशी असलेल्या तिच्या टक्केवारीवर नव्हे. लहान खरेदीदाराला हा नियम जाचक वाटेल, परंतु तो गणिताचा आहे.

या गणिताला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळांशी संबंधित डॉज आणि रोमिग या संशोधकांनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. कोणत्याही नमुना-तपासणीत दोन जोखमी असतात. चांगला माल नाकारला जाण्याची जोखीम उत्पादकाची, आणि वाईट माल स्वीकारला जाण्याची जोखीम ग्राहकाची. वानगी किती मोठी घ्यावी आणि तीत किती सदोष नग चालवून घ्यावेत, हे ठरविताना या दोन जोखमींची वाटणी होत असते. भारतीय मानक आय.एस. २५०० मध्ये यासाठी तयार कोष्टके दिलेली आहेत. करार करताना दोघांनी मिळून कोष्टक निवडावे. माल आल्यानंतर त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

कागद आणि माल

आता दाराचा प्रश्न. विक्रेता दूर देशी असल्याने पैशांचा व्यवहार बहुधा बँकेच्या पतपत्राद्वारे होतो. अनेक नवे आयातदार असे समजून चालतात की, मध्ये बँक आहे म्हणजे मालाविषयी निश्चिंत राहावयास हरकत नाही. ही समजूत घातक आहे. पतपत्रासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँकांचा संबंध कागदपत्रांशी असतो, मालाशी नसतो. बीजक, जहाजाची पावती आणि इतर कागद पतपत्राच्या शर्तींशी जुळले की बँक पैसे देते. कंटेनरमध्ये रेशीम आहे की आणखी काही, हे पाहणे तिचे काम नाही.

मात्र या नियमातच त्यावरील उपायही आहे. बँक कागद पाहते ना, तर आवश्यक कागदांच्या यादीत आणखी एका कागदाची भर घालावी : माल जहाजावर चढण्यापूर्वी तटस्थ संस्थेने स्वतः वानगी काढून दिलेला तपासणीचा दाखला. तो नसेल तर पैसे मिळणार नाहीत. अशा तपासणीचा व्यवसाय जुना आहे. एस.जी.एस. ही संस्था १८७८ साली फ्रान्समधील रूआं बंदरात धान्याच्या तपासणीपासूनच सुरू झाली. दाखला मागताना त्यात काय असावे तेही लिहून द्यावे : वानगी कोणी काढली, कोणत्या गासड्यांतून काढली, गासड्यांचे क्रमांक काय, कोणत्या मानकानुसार परीक्षा झाली आणि प्रत्येक कसोटीचा आकडा किती आला. ‘माल समाधानकारक आढळला’ एवढेच सांगणारा दाखला निरुपयोगी आहे. काढलेल्या वानगीचे तीन भाग करून ते मोहोरबंद करावेत. एक विक्रेत्याकडे, एक ग्राहकाकडे आणि एक तपासणाऱ्याकडे राहावा. पुढे वाद निघाल्यास तिसरा भाग साक्ष देतो.

कायद्याची बाजूही जाणून घेतली पाहिजे. भारताच्या १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार वानगीवरून झालेल्या विक्रीत सारा माल वानगीशी जुळला पाहिजे आणि तुलना करून पाहण्याची वाजवी संधी ग्राहकास मिळाली पाहिजे. परंतु माल हाती आल्यावर ग्राहकाने तो नाकारल्याचे वाजवी मुदतीत कळविले नाही, किंवा विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही त्यावर केले, तर माल स्वीकारला असे समजले जाते. उकळून रंगविलेले रेशीम परत करता येत नाही ते या अर्थानेही. परदेशी व्यवहारात हा अधिनियम आपोआप लागू होईल असेही नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्रीविषयीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारात चीन सामील आहे, भारत नाही. म्हणून वाद कोणत्या कायद्याने आणि कोणत्या शहरी मिटवावयाचा, ते करारातच नमूद करणे शहाणपणाचे ठरते.

दाखल्याची मर्यादा

दाखला हाती आला म्हणजे विचार करणे संपले असे नाही. प्रतीच्या अक्षराला कित्येकदा पैशांचे मोल येते आणि मग ते अक्षरच संशयास्पद ठरू शकते. भारताने चिनी कच्च्या रेशमावर २००३ साली प्रतिपाटन शुल्क बसविले, कारण अत्यल्प भावाने येणाऱ्या मालापुढे येथील उत्पादक टिकेनासे झाले होते. पुढे २०१६ साली ३ए व त्याखालील प्रतीच्या चिनी रेशमावर असे शुल्क बसविण्यात आले. एका अक्षराच्या फरकाने शुल्क लागावे वा टळावे, अशी स्थिती असते तेव्हा ते अक्षर कोणी लिहिले हा प्रश्न आणखीच महत्त्वाचा होतो. त्याचे उत्तर पुन्हा मोजणीतच आहे. बंगळूर येथे केंद्रीय रेशीम मंडळाची केंद्रीय रेशीम तंत्रज्ञान संशोधन संस्था १९८३ पासून कार्य करीत आहे. रेशमाच्या परीक्षेची साधने या शहराला परकी नाहीत.

तयार वस्तूंवरील चिन्हांविषयीही हेच म्हणता येईल. सन २००० पासून भारतीय मानक ब्यूरो परदेशी उत्पादकांनाही प्रमाणचिन्ह वापरण्याचा परवाना देतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर असे चिन्ह सक्तीचे झाले असून परदेशातून येणारी खेळणीही त्यातून सुटलेली नाहीत. हे चिन्ह वस्तू किमान मानकाला उतरल्याचे सांगते. ती सर्वोत्कृष्ट असल्याचे सांगत नाही. शुद्ध रेशमी वस्त्रासाठी २००४ पासून दिले जाणारे ‘सिल्क मार्क’ हे चिन्हही धागा अस्सल रेशमाचा आहे एवढीच हमी देते. विणकाम कसे आहे हे ग्राहकालाच पाहावे लागते.

लहान खरेदीदाराने काय करावे? चार मागांच्या मालकाला प्रयोगशाळा उभारता येणार नाही. परंतु घेर मोजलेला छोटा रहाट आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखविणारा तराजू त्याला परवडतो. तेवढ्यावर डेनिअर आणि त्यातील फरक काढता येतात. काळ्या फळीवर धागा गुंडाळून तिरप्या उजेडात पाहिला तर जाड-बारीक भाग नजरेस येतात. धागा जाळून पाहण्याची जुनी रीतही उपयुक्त आहे. रेशीम केस जळल्यासारखा वास देऊन विझते आणि त्याची राख चिमटीत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. व्हिस्कोज कागदासारखा जळून जातो. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सारा माल उकळण्यापूर्वी थोडासा उकळून, रंगवून, विणून पाहावा आणि न उकळलेल्या काही लडी तारीख घालून बाजूला ठेवाव्यात. असे पाच-दहा विणकर एकत्र येऊन खरेदी करू लागले, तर तटस्थ तपासणीचा खर्चही त्यांच्या आवाक्यात येतो.

मापाचा लाभ कोणाला

मोजमापाचा हा सारा खटाटोप परदेशी विक्रेत्याविरुद्धचे हत्यार आहे, असे मानणे मात्र एकांगी होईल. होसकोट्याच्या उत्तरेकडील गावांत जो कारागीर मन लावून एकसारखा धागा काढतो, त्याचा माल नजरेने पारखून विकला गेला तर त्याला आणि हयगय करणाऱ्या शेजाऱ्याला जवळजवळ सारखाच भाव मिळतो. मग तो तरी जिवापाड मेहनत का करील? चिनी रेशमाला अधिक पसंती मिळाली तिचे एक कारण धाग्याचा गुण हे होते. दुसरे असे की तो गुण आकड्यांत सांगितलेला होता आणि पुढच्या गासडीत तोच पुन्हा मिळेल अशी अपेक्षा करता येत होती. १९९१ पासून जपानच्या सहकार्याने भारतात दुबार जातीच्या पांढऱ्या कोषांच्या संवर्धनाला चालना मिळाली. पुढे स्वयंचलित यंत्रांवर देशातही वरच्या प्रतीचा धागा निघू लागला. हा धागा बनविणाऱ्याला त्याचे योग्य मोल मिळावयाचे, तर त्याच्याही गासडीतून तीच वानगी, त्याच रीतीने काढली गेली पाहिजे.

परदेशी मालाची पारख शिकलेला ग्राहक देशी मालाकडेही त्याच डोळ्यांनी पाहू लागतो. विक्रेता कोठला आहे यापेक्षा धागा कसा आहे, हे तो विचारतो. हा प्रश्न आकड्यांत विचारला जाऊ लागला की प्रामाणिक कारागिराला, मग तो शिडलघट्ट्याचा असो वा सातासमुद्रापलीकडचा, त्याचे उत्तर देणे कठीण जात नाही.